मामाजींची सकाळची गाडी

५ नोव्हेंबर

ही डायरी बियाण्याच्या कंपनीनं आमच्या कृषी केंद्राला दिलेली, तीही गेल्या वर्षीची. तारखा चालतात, वार जुळत नाहीत, म्हणून वार खोडून टाकते. दुकान ह्यांचं, म्हणजे राजू इंगोले यांचं. डायरी फुकटची, म्हणून माझी.

आज लिहायला बसले ती रागात. आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे जगदेवराव, वय सत्त्याहत्तर. पंच्याहत्तरी गाठली आणि एसटी फुकट झाली, तेव्हापासून हे गृहस्थ घरात ठरत नाहीत. सकाळी साडेसातची गाडी, अनसिंगवरून वाशीम, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. वाशीमला काम काय, तर स्वतःचं काहीच नाही. गावाचं मात्र सगळं. मोटारीचं स्टार्टर दुरुस्तीला न्यायचं, कोणाच्या गोळ्या आणायच्या, कोणाच्या साडीचा फॉल, कोणाचं मॅचिंगचं अस्तर. गाडी यायच्या आधी थांब्यावर बाया-माणसं त्यांना गराडा घालून उभी असतात. कागदावर एक अक्षर घेत नाहीत, सगळं डोक्यात. आमचे शेजारी शेषरावकाका म्हणतात, "जगदेव म्हंजे गावाचं कुरिअर." चाळीस एकरांचा धनी, आणि लोकांचे ब्लाउजपीस वाहतो!

सोबतीला तांड्यावरचा रूपला राठोड. वय तेवढंच. जो आधी चढेल तो खिडकीपाशी दस्ती टाकून दुसऱ्याची जागा धरतो. मामाजींना जरा कमी ऐकू येतं म्हणून रूपला त्यांच्या कानाशी ओरडतो, आणि दोघांचं बोलणं सगळ्या गाडीला ऐकावं लागतं.

राग कशाचा? तर आज दळण आणायला गेले, तिथं एक बाई दुसरीला म्हणाली, "इंगोल्याची सून सासऱ्याले घरात बसू देत नाई वाटते, बिचारा रोज गाडीत दिवस काढते." मला ऐकू जाईल असंच म्हणाली. चांगली सून कोणती, तर जिच्या सासऱ्याला पाण्याचा गडूही स्वतः भरावा लागत नाही ती. माझे सासरे जगाचे फॉल-अस्तर आणतात, मग माझी काय किंमत राहिली?

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "सरकारनं फुकट केलं अन् म्हातारे बिघडले."

१४ नोव्हेंबर

आज व्हायचं तेच झालं. चंदाबाईच्या शुगरच्या गोळ्या मामाजींनी आणल्या आणि दिल्या रुपाबाईच्या घरी. रुपाबाईनं पुडी उघडली नाही म्हणून निभावलं.

हे फार चिडले. "उद्या कोणी मेलं तं नाव आपलं येईन, बाबा."

"दोघी एकाच टायमाले बोलून राह्यल्या होत्या," मामाजी म्हणाले. "मले आयकू आलं नाई नीट. रूपला असता तं त्यानं सांगतलं असतं. तो उशिरा आला."

म्हणजे चूक कोणाची, तर रूपलाच्या उशिरा येण्याची! वय झालं हे काही मान्य करायचं नाही.

१९ नोव्हेंबर

काल संध्याकाळच्या गाडीनं मामाजी आले नाहीत. हे मोटारसायकलनं अनसिंगपर्यंत जाऊन आले. कोणी पाहिलं नव्हतं. मी देवापाशी बसले आणि उठले, बसले आणि उठले. त्यात ह्यांच्या फोनवर दोनदा अनोळखी नंबर वाजला. फसवणुकीच्या फोनांचा इतका सुळसुळाट झालाय की आम्ही तसले नंबर उचलतच नाही.

आज सकाळी परत येणाऱ्या पहिल्या गाडीतून उतरले. डोळे लाल, धोतर मळलेलं. कुठं होता, विचारलं.

"दवाखान्यात. रूपलापाशी बसलो."

"रूपलाले काय झालं?"

"पडला. मंग बसलो. त्याचं कोनी नाई ना इथं."

हे म्हणाले, परवा तर रूपला थांब्यावर ठणठणीत होता. दवाखाना कोणता, कुठला मजला, मामाजींना काही धड सांगता येईना. "लय पायऱ्या होत्या," एवढंच. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघांच्या मनात एकच आलं. माझ्या माहेरच्या एका काकांचंही असंच सुरू झालं होतं, रस्ता चुकण्यापासून.

तांड्यावर जाऊन विचारावं असं एकदा वाटलं होतं. पण आपल्या घरातलं असलं काही तिथं जाऊन कसं विचारायचं?

२० नोव्हेंबर

बँकेत लागतंय असं सांगून ह्यांनी मामाजींचं आधार कार्ड घेतलं आणि दुकानाच्या गल्ल्यात ठेवलं. कार्डाशिवाय फुकट तिकीट नाही, आणि पैसे देऊन फिरण्याइतके मामाजी उधळे नाहीत. खोटं बोलावं लागलं, वाईट वाटलं. पण लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घेताना आपण खरंच बोलतो असं कुठं आहे.

२ डिसेंबर

ओसरीवर नवी गादीची खुर्ची टाकली. अंघोळीचं पाणी काढून देते, चहा हातात, ताट हातात. गोठ्यातली झाडझूड करायचे, ती गड्याकडे दिली. त्यांच्या खोलीत वेगळा टीव्ही लावला, म्हणजे करमणुकीसाठी बाहेर यायला नको. आवाज फार मोठा ठेवतात, आमचं डोकं उठतं, म्हणून आवाज बंद करून पाहायला सांगितलं. चित्रं तर दिसतातच.

थांब्यावरच्या लोकांनाही मी जाऊन सांगितलं, आता मामाजींना कोणी काम सांगायचं नाही. चंदाबाई म्हणाली, "बरं झालं बाप्पा, आता आराम करू दे त्यायले." रुपाबाई तर चार बायांसमोर म्हणाली, "सून असावं तं असं." उगाच खोटं कशाला लिहू, छाती फुगली माझी.

१७ डिसेंबर

शांत आहेत. काही मागत नाहीत. घर भरल्यासारखं वाटतं.

८ जानेवारी

तुरीच्या सोंगणीची, म्हणजे कापणीची, गडबड. मामाजींनी तीनदा विचारलं, "तूर सोंगली का?" तीनदा सांगितलं. दुपारी बारा वाजता ओसरीवरून हाक मारली, "गाडी गेली का वं?"

त्याचं काही वाटलं नाही. पण आज नणंदबाई आल्या होत्या. त्यांच्यादेखत मामाजी जेवले, हात धुतले, आणि थोड्या वेळानं लेकीला म्हणाले, "मले सकाळपासून जेवाले नाई दिलं."

नणंदबाईंनी उष्ट्या ताटाकडे पाहिलं. जाताना फक्त म्हणाल्या, "वैजयंती, लक्ष देत जाय बाबाकडं." मी अजून काय लक्ष देऊ? ह्या घरात मी एकटीच आहे का? भांडी घासता घासता रडले. मग राग आला तो मामाजींचाच आला, आणि लगेच वाटलं, त्यांच्यावर रागावून काय मिळणार आहे.

२२ जानेवारी

सकाळची गाडी बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणे. ज्याला जायचं त्यानं फाट्यापर्यंत पायी जावं.

शेषरावकाका ओट्यावर बसून बोलत होते. "जगदेव जात होता तवा त्याच्या मागं धा जण जात होते. काही काम नसलं तरी चाला म्हणत. आता मीच घरी बसून राह्यलो. बायकोशी किती बोलावं मानसानं?"

मला तर वाटलं, बरं झालं. गाडीच नाही म्हटल्यावर मामाजींचा जीव खालीवर होणार नाही.

२९ जानेवारी

रूपला आला होता. ओट्याखाली काठी टेकून उभा. बराच वाळलाय. मुलगा किशन आणि सून रंजीता दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेत, धाकटी लेकरंही सोबत. तांड्यावर आता म्हातारे आणि कुत्री.

"जगदेव हाये काय?"

मी म्हटलं, झोपलेत. झोपले नव्हते. पण दोघं बसले की पुन्हा गाडीच्या गोष्टी निघणार, पुन्हा मामाजी थांब्याकडे चालू लागणार. रूपला थोडा वेळ उभाच राहिला. मी चहा विचारला, त्याला ऐकू गेलं नाही की काय, तो वळला आणि चुकीच्या बाजूला, नाल्याकडे चालू लागला. मग थांबून परत फिरला.

११ फेब्रुवारी

परवा मामाजी परसातून परत येताना शेजारच्या घरात शिरले आणि तिथं ओसरीवर बसून राहिले. म्हणून आज वाशीमला दाखवायला नेलं. ह्यांना दुकान सोडता येईना, मीच गेले.

डॉक्टरीणबाईंनी मामाजींना कमी आणि मलाच जास्त विचारलं. शाळा किती? चौथी. बीपी? आहे, गोळी चालू. ऐकू येतं का? मी म्हटलं, येतं ना, सगळ्याला हो म्हणतात. त्या उठल्या, मामाजींच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचं नाव घेतलं. मामाजी समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

मग विचारलं, दिवसभर काय करतात? मी जरा मान वर करूनच सांगितलं, काही करू देत नाही आम्ही, सगळं हातात देतो. आणि आधी काय करत होते? मी गाडीचं सांगितलं, फॉल-अस्तराचं सांगितलं, हसत हसत सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"एवढं सगळं न लिहिता लक्षात ठेवायचे?"

"हो."

"मग ते बंद कोणी केलं?"

मी गोळ्यांच्या पुडीची गोष्ट सांगितली. दोन बाया एकदम बोलत होत्या असं ते म्हणाले हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, हा त्रास एकाच कारणानं होत नाही, आणि गेलेलं सगळं परत येईल असंही मी सांगणार नाही. पण त्यांना ऐकू येत नाही, घरात कोणी बोलत नाही, हाताला काम नाही. मग त्यांनी डोकं चालवायचं कशावर? आणि शेवटी विचारलं, "दिवसभरात ते कोणाशी बोलतात?"

मी मोजू लागले. ह्यांच्याशी? हे सकाळी दुकानात जातात. माझ्याशी? मी म्हणते, "घ्या," ते घेतात.

वाशीमला खुर्चीत बसून बोलायला काय जातं! त्यांचा सासरा लोकांच्या गोळ्या चुकीच्या घरी देत फिरला असता म्हणजे कळलं असतं. अनसिंग येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते.

१५ फेब्रुवारी

कानाचं यंत्र आणलं. मामाजी म्हणतात, कानात भुंगा शिरला. काढून ठेवतात, मी परत लावते.

डॉक्टरीणबाईंनी हाताला काम द्या सांगितलं होतं, म्हणून मळणीतून बाजूला ठेवलेल्या तुरीच्या वाळक्या शेंगा मामाजींसमोर सोलायला ठेवल्या. छान सोलत होते. एक शेंग किडकी निघाली ती मला दाखवली, म्हणाले, "फवारणी उशिरा केली राजूनं." इतक्या दिवसांत पहिल्यांदा एवढं लांब वाक्य. तेवढ्यात रुपाबाई विरजण मागायला आली आणि दारातच थांबली.

"अवं माय! या वयात सासऱ्याले कामाले लावलं काय वं?"

मी सूप उचलून आत नेलं. मामाजींचा हात तसाच हवेत राहिला. मला दोन्हीकडून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

९ मार्च

हल्ली एक विचार येतो आणि जात नाही. मी म्हातारी झाल्यावर माझा मुलगा पवन, जो पुण्याला आहे, मला असाच जपेल का? चांगला आहे, जपेल. फ्लॅटमध्ये खुर्ची देईल, टीव्ही देईल. तिथं मला कोणी विरजण मागायला येणार नाही, आणि दळण आणायला जाताना टोमणेही मारणार नाही. टोमण्याची आठवण येईल असं कधी वाटलं नव्हतं.

मामाजींना शेंगा पुन्हा सोलायला देते आता. आतल्या खोलीत, दार लावून, म्हणजे रुपाबाईला दिसणार नाही.

२० एप्रिल

आज रंजीता आली होती, रूपलाची सून. ऊसतोडीहून टोळी परत आली. उन्हानं काळवंडली आहे. ओट्यावर बस म्हटलं तर खालीच बसली.

"काकू, जगदेवबाबाले एकडाव आमच्या घरी धाडता काय?"

मी विचारलं, का गं?

"आमच्या बुढ्याले कोनीच ओळखू येऊन नाई राह्यलं. ह्याले, किशनले, इचारते तुमी कोन. मले पानी मागते, मंग म्हनते तुमी कोनाच्या घरच्या. आमी गेलो तवा बरा होता. गाडी बंद झाल्यावर एकटाच बसून राहे म्हनतात. तांड्यावर बोलाले होतंच कोन?" पदरानं तोंड पुसून ती पुढे म्हणाली, "जगदेवबाबाले पाह्यलं तं वाटते येईन ध्यानात. त्यायचे लय उपकार हायेत. आमचा बुढा वाशीमच्या स्टँडवर पडला होता ना दिवाळीनंतर? ह्यायनंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. रातभर बसले. तिथली नर्सबाई सांगे, घरी फोन लावून मागत होते, कोनी उचलला नाई."

मी उठून आत गेले. पाणी आणायच्या निमित्तानं गेले आणि माठाशी उभीच राहिले. मामाजींनी सांगितलं होतं. शब्द न् शब्द खरा सांगितला होता. आम्ही दोघांनी ऐकला होता, आणि ऐकून ठरवलं होतं की म्हातारा भरकटला. आणि ज्या रूपलाला मी झोपलेत म्हणून परत पाठवलं, तो त्या दुखण्यातून उठून चालत आला होता. लाज वाटली. इतकी की रंजीताला पाणी देताना तिच्याकडे बघवेना.

ह्यांना सांगितलं. हे उठले. दुकानात गेले, गल्ल्यातून आधार कार्ड आणलं आणि मामाजींच्या उशाशी ठेवलं. मामाजींनी ते हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"आता कुठं जाचं हाये मले," म्हणाले, आणि परत ठेवून दिलं.

२२ एप्रिल

आज ह्यांनी मोटारसायकलवरून मामाजींना तांड्यावर नेलं, मी मागून शेषरावकाकांच्या सुनेच्या स्कूटीवर. यायलाच तयार नव्हते. रूपला वाट पाहतोय म्हटलं तेव्हा उठले.

रूपला लिंबाखाली बाजेवर बसला होता. किशन जवळ उभा. रूपलानं मामाजींकडे पाहिलं. जसं आपण रस्त्यानं जाणाऱ्या बैलगाडीकडे पाहतो, तसं. रंजीता म्हणाली, "पाहा ना बाबा, कोन आलं?" रूपलानं पुन्हा पाहिलं, तसंच. मामाजी नुसते उभे होते, खांदे पाडून.

मग ते दोन पावलं पुढे गेले.

"सरक ना जरा," म्हणाले. "दोघायची सीट हाये."

रूपला सरकला. मामाजी बसले. दोघंही समोर बघत.

"कुठं उतराचं तुमाले?" मामाजींनी विचारलं.

रूपला आठवून म्हणाला, "वाशीम."

"मंग बरोबरच उतरू."

रूपलानं हळूच मान हलवली आणि मामाजींच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "गर्दी लय हाये आज!" मामाजींच्या कानात यंत्र होतं. केवढ्यानं दचकले! पण हसले. आणि रूपलाही हसला.

मी मात्र घाबरले. वाटलं, गेले. आता मामाजीही गेले, बाजेला गाडी समजून बसलेत. घरी आलो. ओट्यावर टेकल्यावर मामाजी आपणहून म्हणाले, "बाज होती ते. मले दिसत नाई काय? पन त्याले गाडीतच बसाचं होतं, मंग मी काय करू?" आणि मग रडले. मी मामाजींना रडताना सासूबाई गेल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं विचारलं, "सकाळची गाडी कवापासून सुरू हाये? त्याले घेऊन जातो."

मी म्हटलं, गाडी बंद आहे. म्हणाले, "काहून?" मी म्हटलं, प्रवासी नाहीत म्हणतात.

२५ एप्रिल

रूपलाच्या घरी कोणी नव्हतं म्हणून त्याची आठवण गेली. आमच्या घरी सगळे होते, तरी मामाजी त्याच वाटेला लागले. हे मला अजून पुरतं उलगडत नाही. त्याला पोटापायी एकटं टाकलं, आणि मामाजींना मी लाडानं एकटं टाकलं, असंच म्हणायचं का? लिहिलं, पण वाचवत नाही.

१२ मे

एसटीच्या डेपोत गेलो. मी, चंदाबाई, रंजीता, शेषरावकाका आणि आणखी पाच-सहा जणी. बायांना तिकीट अर्धं, पण गाडी मागायला जायला गाडी नाही, म्हणून फाट्यापर्यंत उन्हात पायी. रुपाबाईही आली, विचारू नका! तिच्या गुडघ्याची गोळी आणायला कोणी उरलेलं नाही.

साहेब चांगला बोलला. गाड्या कमी, चालक कमी, आणि तुमच्या फेरीत बसायचे ते सगळे फुकटवाले नाहीतर अर्धे. शेषरावकाका म्हणाले, "साहेब, आमी फुकट बसतो हे खरं. पन घरी बसलो तं दवाखान्याचा खर्च कोनाचा? तेही जोडा ना हिशेबात." साहेबानं त्यांना चहा पाजला. शाळा सुरू होतील तेव्हा पोरांसाठी फेरी टाकता येते का पाहतो म्हणाला.

मामाजी रोज विचारतात, "गाडी सुरू झाली काय?" एकच प्रश्न, पण आता मला तो ऐकायला त्रास होत नाही. त्यांना रोज काहीतरी विचारायचं आहे, हे काय थोडं आहे. दोन-तीन दिवसांआड तांड्यावर नेते. शेंगांचं काम आता ओट्यावरच, उघड. कोणाला काय म्हणायचं ते म्हणो.

सगळं छान चाललंय असं मात्र नाही. काल त्यांनी मला विचारलं, राजूचं लग्न झालं का. मी म्हटलं, झालं, माझ्याशीच. "बरं केलं," म्हणाले.

३ जुलै

शाळेच्या नावानं फेरी सुरू झाली. तीच, साडेसातची.

ह्यांचा जीव थाऱ्यावर नाही. "एकाले काही आठवत नाई अन् दुसऱ्याचा भरोसा नाई. दोघं हरवले तं?"

"हरवले तं शोधू," मी म्हटलं. "इथं खुर्चीवर बसल्या बसल्या हरवले, तवा आपन कोनती पोलीस चौकी गाठली होती?"

 हे आत गेले, एका जाड कागदावर दुकानाचा फोन नंबर लिहून आणला आणि मामाजींच्या खिशात घातला. आणि मला म्हणाले, आता अनोळखी नंबर आला तरी उचलायचा. खरं सांगते, भीती मलाही ह्यांच्याइतकीच वाटते. रंजीताला तर त्याहून जास्त. तिनं आज दोनदा येऊन विचारलं, "काकू, धाडू ना?" मी धाड म्हटलं.

४ जुलै

किशननं रूपलाला हात धरून थांब्यावर आणलं. गाडी आली. मामाजी पहिली पायरी चढले, तिथंच थांबले, मागे वळले. मला वाटलं, घाबरले, आता उतरतील. मी घाईघाईनं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून, ओरडले, "मामाजी, कुकरची रिंग आणजा! फाटली हाये!"

त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. रूपलाला हात देऊन वर ओढलं. कंडक्टरनं विचारलं, कुठं आजोबा? मामाजी म्हणाले, "दोघंबी वाशीम. त्याले कुठं उतराचं ते मी सांगतो." गाडी गेली.

दिवसभर माझं कशात लक्ष नव्हतं. वरण करपलं. फोन वाजला की धावत जायचं. एक फोन कर्ज पाहिजे का विचारणारीचा होता, तिच्याशीही मी अगदी नम्रपणे बोलले.

संध्याकाळी थांब्यावर अर्धं गाव. कोणी तसं म्हणेना, पण सगळे त्यासाठीच आलेले. गाडी थांबली. शाळेची पोरं उतरली, मग मामाजी, आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून रूपला. किशन पुढे झाला. रूपलानं त्याच्याकडे पाहून विचारलं, "तुमी कोन?" किशननं नुसता हात धरला आणि मान खाली घातली. रंजीतानं तोंड फिरवलं.

मामाजींनी मला गर्दीत शोधलं. हातात काही नव्हतं. मी म्हणणारच होते की असू द्या, नाही आणलं तरी चालेल.

"कुकर तीनचा हाये का पाचचा?" ते सगळ्यांसमोर कडाडले. "हे सांगाले नको काय वं? दुकानदार इचारून राह्यला, अन् मी तिथं खुळ्यासारखा उभा! गाडी सुटता सुटता काम सांगतं, तेबी अर्धं. रिंगा काय सगळ्या एकाच मापाच्या असतात? नाव माह्यं खराब झालं ना त्या दुकानात!"

मी मान खाली घालून उभी राहिले. पोरं हसत होती. रुपाबाई माझ्या कानाशी लागली, "सासरा लय चिडला वाटते?"

"हाव," मी म्हटलं.

घरी येऊन आधी कुकर पाहिला. पाच लिटरचा आहे.